फळ्यावर काय काढलं होतं

हॉब्रो, ३ मार्च

प्रिय गुद्रुनताई,

तू विणलेले मोजे मिळाले. उजवा डाव्यापेक्षा मोठा झालाय, पण ऊब दोन्हींत सारखीच आहे, तेव्हा तक्रार नाही. तुमच्या बेटांवर मोठं वादळ झालं म्हणे. तुझ्या इस्पितळाचं छप्पर शाबूत आहे ना? इकडे सगळं ठीक. माझ्या वर्गातली अर्धी मुलं तापाने घरी आहेत, आणि उरलेली अर्धी इतका दंगा करतात की कुणी गैरहजर आहे असं वाटतच नाही.

बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस थाटात झाला. तू हवी होतीस. टेबलावर छोटे झेंडे, तीन तऱ्हांचे हेरिंग मासे, क्रीमचा उंच केक, आणि विद्यापीठातली बडी मंडळी. नव्या प्रयोगशाळेला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय. त्यांच्या मलमाच्या पेटंटवरच ती इमारत उभी राहतेय, त्यामुळे नाक मुरडायला कुणाला जागा नव्हती.

मग बाबा भाषणाला उभे राहिले. तुला माहीत आहे, एकदा ग्लास वाजवला की त्यांना आवरणं कठीण. आस्गरकडे बोट दाखवून म्हणाले, "इतके विद्यार्थी हाताखालून गेले. कुणी माझ्या काचा फोडल्या, कुणी माझ्या कल्पना ढापल्या. या पठ्ठ्याने सरळ मुलगीच पळवली. आणि तीही नाताळच्या मेजवानीत, माझ्या डोळ्यांदेखत!"

सगळे हसले. मी म्हटलं, "नाताळ कुठला, बाबा? ऑगस्टमध्ये. तुमच्या व्याख्यानाला."

"डिसेंबर, बाळा. म्हातारा मी झालोय, तू नाही." पुन्हा हशा.

आमच्या लग्नात त्यांनीच सांगितलं होतं की मी समुद्रकाठच्या लोकविद्यालयात कॉफी देत होते आणि आस्गरने एकामागून एक कप पिऊन शेवटी हात थरथरायला लागल्यावर माझं नाव विचारलं. तेव्हा ऑगस्ट होता. आता डिसेंबर कसा झाला? मी आस्गरकडे पाहिलं. त्याने काटा खाली ठेवला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं घशात माशाचं हाड अडकलं. विचारलं तर म्हणाला, "काही नाही. असेल डिसेंबर."

'असेल' म्हणे! बायको कधी भेटली ते माणूस असं सांगतो?

ताई, हे लिहायचं नव्हतं, पण तुझ्याखेरीज कुणाला लिहू? गेला महिनाभर आस्गर फोन घेऊन बागेत जातो. पाऊस असला तरी. मी जवळ गेले की, "बरं, नंतर बोलू." एकदा ओऱ्हूसला गेला आणि मला म्हणाला ऑफिसात होतो. कोटाच्या खिशात तिकीट सापडलं. आणि एक नाव दोनदा ऐकलं: मेरेते. कुठंतरी पाणी मुरतंय. या वयात असं काही माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. आरशात पाहून केस रंगवावेत का याचाही विचार करून झाला.

जाता जाता एक विचारते. आस्गरबद्दल मी तुला पहिल्यांदा कधी सांगितलं, आठवतं का? सहज विचारतेय.

तुझी,
थोरा


हॉब्रो, २२ एप्रिल

प्रिय ताई,

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, फोन केलास. तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. पण या पत्राला कृपा करून कागदावरच उत्तर दे. कारण पुढे कळेल.

आधी मेरेतेचं. मी आस्गरच्या मागे गेले. हो, नवऱ्याच्या मागे गाडी लावून, एखाद्या भिकार मालिकेतल्या बाईसारखी. ओऱ्हूसच्या एका कॅफेत तो तिच्यासमोर बसला होता. साठीची बाई, पायांत गमबूट. तिच्या शेजारी एक मुलगी, दोन्ही हात बोटांपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. मुलीला कप धरता येत नव्हता म्हणून आस्गर तिला नळीने सरबत पाजत होता. मी दारातच उभी राहिले. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "ये. बस. आता लपवण्यात अर्थ नाही."

ती टिल्डे, मेरेतेची लेक. बोट लागलं तरी ज्यांची कातडी सोलून निघते अशी मुलं असतात ना, त्यांतली एक. बाबांचं मलम ज्यांच्यासाठी आहे, त्यांतली. मलमाने ती शाळा शिकली, पोहायलासुद्धा शिकली. आता ती अठरा वर्षांची झाली, आणि मोठ्यांसाठी हे मलम परवडत नाही असं सरकारी समितीने ठरवलं. ज्या बड्या कंपनीला विद्यापीठाने हक्क दिलेत, ती किंमत कमी करत नाही. युटलंडमधल्या एका छोट्या कंपनीला तेच मलम स्वस्तात बनवायचंय. पण पेटंट आडवं येतं. म्हणून ती कोर्टात गेलीय: हे पेटंट मुळात मिळायलाच नको होतं.

कारण असं. पेटंटचा अर्ज दाखल करण्याआधी शोध चारचौघांत उघड केला, तर तो सगळ्यांचा होतो. मग त्यावर हक्क सांगता येत नाही. बाबांचा अर्ज गेला ऑक्टोबरात. आणि मेरेते म्हणते, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या लोकविद्यालयात अशा मुलांच्या आईबापांचा मेळावा होता, तिथे प्राध्यापकांनी फळ्यावर औषधाचा रेणू काढून सगळं समजावून सांगितलं. फळा पुसणारा विद्यार्थीही तिला आठवत होता. तिने त्याला, म्हणजे आस्गरला, शोधून काढलं.

आता कळलं, डिसेंबर का झाला ते?

घरी येताना मी आस्गरला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुला आठवायला लागलं असतं," तो म्हणाला.

या वाक्यावर मी अजून अडकलेय. ते माझ्या काळजीपोटी होतं, की मला चाचपून पाहण्यासाठी? पेटंटवर आस्गरचं नाव नाही, हे तुला माहीत आहे. दिवसरात्र खपला तो, आणि नावं लागली बाबांची आणि आणखी एका वरिष्ठांची. तेव्हा तो काही बोलला नाही. इतकी वर्षं बाबांना मासे साफ करून देतो, त्यांची बोट ओढून किनाऱ्यावर आणतो, आणि काही बोलत नाही. अशा माणसाच्या मनात काय साठलं असेल? मी विचारलं, "ती छोटी कंपनी तुला काय देणार आहे?" तो म्हणाला, "रेल्वेचं भाडं." मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. न्यायाने पाहिलं तर रागावण्याचा हक्क त्याला होता. पण खोटं बोलणारा माणूसही असाच रागावतो ना?

बाबांकडे गेले. ते बोटीला डांबर लावत होते. त्या वासाने मला आपलं लहानपण आठवलं आणि मी अर्धी तिथेच हरले. तरी विचारलं, "बाबा, त्या मेळाव्यात फळ्यावर तुम्ही काय काढलं होतं?"

"सूर्य काढला असेल. मुलं होती तिथे."

"बाबा, चेष्टा नको."

त्यांनी ब्रश ठेवला. "हे बघ थोरा. तू कॉफी देत होतीस. कॉफी देणाऱ्याला कप दिसतात, फळा दिसत नाही. मी आशेबद्दल बोललो. आशेवर पेटंट नसतं. आणि उद्या हे पेटंट गेलं तर त्या प्रयोगशाळेतली पोरं कुठे जाणार, ते तुझ्या नवऱ्याला विचार. आणखी तीन रोगांवर काम चालू आहे तिथे. त्यांच्याही आया आहेत."

ते खोटं नाही, ताई. तीन रोग खरेच आहेत.

आता तुझं. फोनवर तू विचारलंस, "तुला ती संध्याकाळ नक्की आठवते का, की आस्गरने सांगून सांगून आठवायला लागलीय?" मी फोन ठेवला आणि मग मनात आलं, हे वाक्य तुझं नाही. तू असं बोलत नाहीस. तू म्हणतेस, "नीट आठव गं बये." ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय तुला नाही, आपल्या घरात ती फक्त एका माणसाला आहे. त्यांनी तुला फोन केला होता का? मी तुला विचारलेलं, आस्गरबद्दल तुला कधी सांगितलं ते, त्याचं उत्तर तू दिलंच नाहीस.

रागावू नकोस. हल्ली मी सगळ्यांवरच संशय घेते. काल टपालवाल्यावरही घेतला.

मला साक्षीला बोलावणं आलंय. छोट्या कंपनीच्या वकिलांनी सांगितलंय की ईमेलमध्ये काही लिहू नका, म्हणून हा कागद. मला नीट काही आठवत नाही असं मी त्यांना कळवलंय.

तुझी,
थोरा


हॉब्रो, ६ जुलै

प्रिय ताई,

कोर्टाच्या दिवसापासून तू फोन उचलत नाहीस. म्हणून लिहिते. फाडून टाकायचं असेल तर वाचून फाड.

बाबांनी तुला त्यांच्या परीने सांगितलं असेलच. मी पाहिलं ते असं.

मी कोपनहेगनला बाबांबरोबरच गेले. आस्गर वेगळ्या गाडीने आला. कोर्टात मी बाबांच्या मागच्या बाकावर बसले, घरच्यांच्या जागी. तुला फोनवर शब्द दिला होता की मी गप्प बसेन, आणि खरंच तसंच करणार होते. मुलीवर बापाविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही. न्यायाधीशबाईंनी मला ते सुरुवातीलाच समजावून सांगितलं. किती सोपं होतं! "मला बोलायचं नाही" म्हणायचं आणि घरी जायचं.

आस्गरची साक्ष झाली. बड्या कंपनीच्या वकिलाने त्याला सोलून काढला. पेटंटवर नाव लागलं नाही म्हणून हा सूड आहे, असं त्याच्या तोंडून वदवायला बघत होता. आस्गर म्हणाला, "राग आला होता. अजून येतो. पण फळा मीच पुसला." मला त्याच्या बाजूने उभं राहावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी वाटलं, राग तर यानेच कबूल केला.

मग मेरेते बोलली. शेवटी बाबा. बड्या कंपनीच्या वकिलाने विचारलं, "या बाई तुम्हाला आठवतात?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मेरेतेकडे पाहिलं, तिच्या शेजारी पट्ट्या बांधून बसलेल्या टिल्डेकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "व्याख्यानांना पुष्कळ लोक येतात. या दोघींना मी आज पहिल्यांदा पाहतोय."

मेरेते रडली वगैरे नाही. तिने फक्त मान खाली घातली, चूक तिचीच असल्यासारखी.

ताई, ते दोघींना ओळखत होते. आता तुला सांगते. मी आस्गरला सांगितलं नव्हतं, वकिलांना नाही, तुला तर नाहीच. मला ती संध्याकाळ पहिल्यापासून लख्ख आठवत होती. कुणी आठवण करून द्यावी लागली नाही. वाढदिवसाच्या टेबलावर मी जेव्हा "ऑगस्ट" म्हणाले, तेव्हाच मला सगळं आठवत होतं, आणि बाबांनी "डिसेंबर" म्हटल्याबरोबर कळलंही होतं की काहीतरी झाकायचंय. नवऱ्याला दुसरी बाई आहे असं मानणं मला त्यापेक्षा सोपं वाटलं.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी म्हणाले, "मी बोलते."

मी सांगितलं, की बाबा आधी नुसतंच आशेबद्दल बोलत होते. मग एका आईने विचारलं, "हे सगळं आम्ही ऐकत आलोय. खरं काही आहे का?" बाबा फळ्याकडे वळले. मग खडू घेतला. एक वेटोळं काढलं, त्याला दुसरं जोडलं, मग लांब शेपूट. कुठला भाग कातडीला धरतो, कुठला सुटतो, कशात मिसळायचं, सगळं सांगितलं. पुढे उशीवर बसवलेली सहा वर्षांची मुलगी ओरडली, "ही तर गोगलगाय!" सगळे हसले. बाबा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "बरोबर. ही तुझ्या अंगावरून हळूहळू चालेल, आणि जिथून जाईल तिथली कातडी सांधत जाईल." तिचं नाव विचारलं. तिने टिल्डे सांगितलं.

कोर्टात टिल्डे म्हणाली, "मला वाटायचं हे मी स्वप्नात पाहिलं." न्यायाधीशबाईंनी तिला गप्प बसायला सांगितलं.

एक गोष्ट मात्र मी कोर्टात सांगितली नाही. त्या रात्री बाबांना घरी मी आणलं. गाडीत त्यांनी बोटांवरचा खडू रुमालाने पुसला. मग म्हणाले, "थोरा, आज पहिल्यांदा मी कुणाच्या तरी उपयोगी पडलो." आणि रडले. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हे कुणाच्या कामाचं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. पण ताई, माझ्या बापाने आयुष्यात केलेली सगळ्यांत मोठी गोष्ट त्याने भर कोर्टात नाकारली. ती मला खोटी पडू द्यायची नव्हती. तू म्हणशील, मी त्यांना बुडवलं. मला वाटतं, मी त्यांची तेवढी एक संध्याकाळ वाचवली. दोन्ही खरं असेल.

निकाल गेल्या मंगळवारी लागला. पेटंट रद्द. विद्यापीठ पुढे लढणार नाही म्हणतं. छोट्या कंपनीचं मलम पुढच्या वर्षी येईल. तोवर टिल्डेला मलमाच्या जुन्या नळ्यांवर भागवावं लागेल. प्रयोगशाळेतल्या दोघा तरुण संशोधकांना नारळ मिळाला. त्यांतली एक पोटुशी आहे. बाबांनी बजावलं होतं, आणि त्यांचं ते खरं ठरलं. साक्षीत खोटं बोलल्याबद्दल त्यांच्यावर काही करायचं नाही असं सध्या तरी दिसतं. "वयोमानाने विसर" असं निकालात लिहिलंय. त्यांना हे शब्द सगळ्यांत जास्त लागले असतील.

मी दर रविवारी त्यांच्या दाराशी जाते. बेल वाजवते. आतून रेडिओ बंद होतो, पण दार उघडत नाही. पायरीवर राईचा पाव आणि लोणी ठेवून येते. पुढच्या वेळी टोपली रिकामी असते. म्हणजे खातात.

आणि आता जे लिहायला हे पत्र घेतलं, ते. काल आस्गर जेवताना म्हणाला की छोट्या कंपनीने त्याला नोकरी देऊ केलीय, संशोधन विभागाचा प्रमुख म्हणून. चांगली जागा आहे, त्याच्या लायकीची आहे, विद्यापीठात त्याला आता कोण विचारणार? मी म्हटलं, "घे." मग तोंडातून निघून गेलं, "त्यांनी कधी विचारलं?"

"निकालानंतर," तो म्हणाला.

पण म्हणण्याआधी तो थांबला. फार नाही. घोटभर पाणी प्यायला तेवढंच. मी त्याला पुढे विचारलं नाही आणि कधी विचारणारही नाही. मी कोर्टात जे सांगितलं ते खरं होतं, मग त्याचं उत्तर काहीही असो. हे मी स्वतःला रोज सांगते. बहुतेक दिवस पटतं.

तू ये, ताई. माझ्यासाठी नको येऊस, माझ्यावर राग आहे तोवर नकोच. बाबांसाठी ये. तुला ते दार उघडतील. आत गेलीस की कोर्टाचं काही काढू नकोस. फक्त बघ ते नीट जेवतात का, आणि मला दोन ओळी कळव.

बापाची आणि तुझीही, तुम्ही दोघं म्हणाल तेव्हा,
थोरा