अक्रातला पांढरा कुर्ता

बर्मिंगहॅम, १९ ऑक्टोबर २००४

ती. दादा,

नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे, उभ्यानेच गोड मानून घे.) सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. आईला हॉस्पिटलातून घरी आणलं हे शैलावहिनीकडून कळलं. डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते मात्र नागपूरहून मला कोणी धड सांगत नाही.

गेल्या आठवड्यात मी घानाला, अक्रा शहरात जाऊन आलो. ऑफिसात एकोणीस वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा क्वेसी ऑगस्टमध्ये हार्ट अटॅकने गेला. वय सेहेचाळीस. घरच्यांनी त्याला मायदेशी नेलं, पण अंत्यविधी ठेवला ऑक्टोबरात. विमानतळाबाहेर आलो आणि एका व्हॅनमध्ये कोंबला गेलो (सीटा बारा, माणसं एकोणीस, शिवाय एक बकरी, तिला खिडकीची जागा). सिग्नलला थांबलं की खिडकीतून पाण्याच्या पिशव्या, आरसे, टॉयलेट रोल, भिंतीवरची घड्याळं असं सगळं आत यायचं. घाई कुणालाच नव्हती आणि हॉर्न सगळेच वाजवत होते. भिंतीभिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांची पोस्टरं. मला वाटलं, निवडणुकीचे उमेदवार. एक बाई तर इतक्या सज्जन दिसत होत्या की मी शेजाऱ्याला म्हणालो, या नक्की निवडून येतील. तो म्हणाला, त्यांना शनिवारी पुरायचंय. पुढच्या भिंतीवर क्वेसी हसत होता.

विधीला मी पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा घालून गेलो, आपल्या समजुतीप्रमाणे. मंडपात पाचशे माणसं काळ्या-लाल कपड्यांत, आणि मधोमध मी. क्वेसीच्या बहिणीने हळूच सांगितलं, की इथे पांढरं घालतात ते कुणी पिकल्या वयात, सगळं बघून गेलं तर, आनंद म्हणून. कुठे तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात त्याच्या आईने जवळ बोलावलं. (म्हटलं, आता हाकलते.) तिने माझी बाही चाचपली आणि मुलीकरवी विचारलं, "तुझे वडील गेले तेव्हा हेच घातलं होतंस?" मी सांगितलं, तेव्हा मी विमानात होतो, पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. "थांबले नाहीत तुझ्यासाठी?" क्वेसी सात आठवडे शवागारात थांबला होता, कॅनडातल्या भावाला रजा मिळेपर्यंत. दादा, सहा वर्षांत पहिल्यांदा मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, आमच्याकडे फार ऊन असतं, ठेवत नाहीत. तिने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझा हात धरून बसली. नानांसाठी मी तिथे रडलो, परक्या मंडपात, चुकीच्या कपड्यांत. तुझा राग अजून गेलेला नाही, हेही लिहून टाकतो.

आईच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव.

तुझा,
मुरली

ता. क. : वहिनीला सांग, त्यांनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं बकरीने खाल्लं नाही, मीच खाल्लं.

ता. क. दुसरा : खरं पत्र इथून सुरू. आईचं काही झालं तर या वेळी थांब. एकच दिवस. बर्फावर ठेव, लोक नावं ठेवतील तर ठेवू देत.

ता. क. तिसरा : वरचं खोडलं असं समज. रजा क्वेसीपायी संपली होती. साहेबापुढे हात जोडून दोन नोव्हेंबरचं तिकीट काढलं आहे. तू थांबू नकोस, दादा. आईला थांबायला सांग.