डब्यांची फौज

बा, माझं नाव तरी आठवतंय का, की तेही पेठच्या बाजारात ठेवून आलास? ब्रह्मदेशातल्या लढाईतून जीव परत आणलास, पण बाजारातून छत्री काही कधी परत आणली नाहीस. मी तुझी थोरली. सांगतेय मी, लिहितेय माझी सून. मला अक्षर अजूनही येत नाही.

आज नाशकातल्या या घरात नुसता दंगा आहे. तुझी पणती, माझी नात, फौजेत साहेब आहे. सकाळी फोनवर ओरडली, "आजी, मला माझी तुकडी मिळाली! जंगलात जायचंय! पणजोबांनी काय केलेलं, परत सांग!"

मग काय, सुटले मी. मी लहान, नागलीच्या शेतात राखणीच्या माळ्यावर बसलोय आपण. चारी बांधांवर रिकामे डबे टांगलेत, त्यांच्या दोऱ्या माझ्या हातात. डुकरं शिरतात, मी सगळ्या दोऱ्या एकदम ओढते, आणि तू खेकसतोस, "आगं येडे, एकदम नाय! हिकडं वाजव, थांब, मंग तिकडं. डुकराला वाटलं पायजे, आख्खं गाव आलंय." आणि तिथंच ती लढाई सांगतोस. तुमचा साहेब पडलेला, जखमींना नदीपार न्यायचंय. तुम्ही मूठभर, समोर झाडाझाडाआड जपानी. तू हवालदार. बांबूच्या बेटांत रिकामे डबे टांगलेस, टेलिफोनच्या तारा बांधल्यास आणि खड्ड्यात बसून ओढत राहिलास. वर गावातल्या एकेकाचं नाव घेऊन हुकूम सोडलेस. माझ्या आजीलासुद्धा फौजेत भरती केलंस! ते डब्यांवर गोळ्या झाडत बसले, तोवर जखमी पार गेले, मग बाकीचे. सगळ्यात शेवटी तू.

"आई, हळू सांगा, हात भरून आला."

"बाच्या हातात तार रुतलेली, तो बोलला का काही? लिही."

नातीने विचारलं, "पणजोबा घाबरले नाहीत?" मी तुझंच सांगितलं, "लय घाबरलो व्हतो. पर पोरं माझ्या तोंडाकडं बघत व्हती." पोरगी हळूच म्हणाली, "माझ्याकडेही बघतील."

तू कधीचाच गेलास, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. फोनवर मी खूप हसले, बा. ठेवल्यावर बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिले.

सूनबाई, पुरे आता. पोरीला पाठवायला खुरासणीची चटणी कूट आणि शेंगदाण्याचे लाडू कर. लाडू लहान वळ, अख्ख्या तुकडीला पुरले पाहिजेत.