खंजिराने चिरलेली वांगी

बाबा, भर दुपारी दुकानाची कडी आतून लावून हे लिहितो आहे. तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं, "कडी काऊन लावलीस रे?" धाकट्याच्या भीतीने. तुमच्या मागे मुर्रीच्या शेतातल्या धानाच्या बांध्या आम्ही दोघा भावांनी वाटून घेतल्या, आणि मधल्या धुऱ्यावरून, त्या हातभर बांधावरून, परवा त्याने चार लोकांसमोर सांगितलं, "या धुऱ्यावर पाय ठेवला त इथंच गाडीन तुले." तो बोलतो ते करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आज सकाळी फुलचूरचा फौजी आला. लढाईवरून परतलेला. त्याच्याजवळ लष्कराने मोडीत काढलेलं पिस्तूल आहे, रीतसर कागदाचं. माझा परवाना निघाला की ते माझं. मी फडकं पसरून ते खोललं. मला कुणी शिकवलेलं नाही, भातगिरणीची यंत्रं खोलून-जोडून जे आलं ते आलं, पण पाच मिनिटांत रोग सांगितला. नळीतले पीळ निम्मे झिजलेले, मुठीची डावी फळी तडकलेली, आणि घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याची स्प्रिंग इतकी सैल की नुसत्या धक्क्याने बार उडावा.

"पाहूनच राहिले जी! घेता का नाही?"

"पाहिल्याशिवाय मी खिळासुद्धा घेत नाही."

तो हसला. "घरात राहू द्या मिस्त्री. चालवा म्हणते कोण?"

राहू द्या. हेच मी लहानपणी तुम्हाला म्हणालो होतो. मी पंधरा वर्षांचा आहे. मामाकडे गेलो असताना केशोरीच्या बाजारातून शिंगाच्या मुठीचा खंजीर आणला आहे आणि दसऱ्याला पाटावर विळा, कुऱ्हाड, फाळ यांच्या शेजारी ऐटीत मांडला आहे. तुम्ही तो उचलता. "याचं काम काय?" "काही नाही. राहू द्या घरात." "कामाचं नाही त आनलास कायले?" आणि तसेच चुलीपाशी जाऊन तो आईच्या हातात देता. "घे, वांगी चीर याने." आईने वर्षभर त्याने वांगी चिरली. धाकटा मला 'वांगेबहाद्दर' म्हणायचा, आणि आई हसू दाबत चुलीकडे तोंड फिरवायची.

आई असती तरी या पिस्तुलाने काय चिरलं असतं?

फौजी म्हणाला, "नेम त धरून पाहा." समोर तेलाचा डबा होता. मी हात उचलला, आणि डबा दिसलाच नाही. दिसली धाकट्याची डावी भुवई, लहानपणी माझ्याच विटीने फुटलेली. हात जरासुद्धा हलला नाही, बाबा. तीस वर्षं कानस चालवलेला हात आहे. तो हलला नाही याची जी भीती वाटली, तशी धाकट्याच्या धमकीचीही वाटली नव्हती.

पिस्तूल खाली ठेवलं. म्हणालो, "नेऊन टाका. माझ्याच्यानं हे सुधारत नाही."

"तुमच्याच्यानं?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. या दुकानात हे वाक्य आजवर कुणी ऐकलेलं नाही. मग ते गुंडाळून तो गेला.

हा कागद कुठे पाठवणार? बिनकामाचं घरात ठेवायचं नाही, म्हणून संध्याकाळी यालाच हाताचं तेल पुसीन. स्प्रिंगचं काम अर्ध्या तासाचं होतं, बाबा. कुठली तार लागेल तेही मी ठरवून टाकलं होतं. कडी अजून काढलेली नाही.