माझे टाके कुणी उसवले

अमरेली, सोमवार

पूज्य मोटाभाई,

जय श्रीकृष्ण. तुमचा गुडघा आणि भाभींचा दमा ताळ्यावर असेल असं धरून चालते, कारण नीट विचारपूस करण्याइतकी शांतता आज माझ्यापाशी नाही.

हर्नियाचे टाके दहाव्या दिवशी उसवले, जखमेत पू झाला, आणि गुरुवारी पोट पुन्हा उघडायचं ठरलं आहे. डॉक्टर उमंग म्हणतो, या खेपेला जखम भरली नाही तर जिवावर बेतेल, म्हणून कारण सापडायला हवं. कारण मला ठाऊक आहे. कारण म्हणजे आपली माणसं. आजाऱ्याची खबर काढायला जाणं याला आपण पुण्य समजतो. तिसऱ्याच दिवशी बाबऱ्याहून छकडा रिक्षा भरून सतरा जण आले. आत्येच्या मानाने जयाफोई थेट माझ्या खाटेवर बसल्या, गाठिया खाल्लेला तेलकट हात माझ्या पट्टीवर ठेवून म्हणाल्या, "आपल्या शांतूचंही असंच झालेलं, तेराव्या दिवशी गेली." मी निजल्या निजल्या स्वच्छतेवर वीस मिनिटं भाषण केलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी अकरा जणांना ऐकायला घेऊन आल्या. (सूनबाई हेतलचं म्हणणं, टाके भाषणानेच गेले. तिच्याकडे मी वळतेच आहे.)

मग उमंगने कागद काढून जखम भरू न देणारी एकेक गोष्ट विचारली. साखर नाही, रक्तदाब बरा, वजन जरा जास्त. तंबाखूच्या रकान्याशी येऊन तो हसला. "तुम्हाला काय विचारायचं, इच्छाबेन?" म्हणत त्याने स्वतःच 'नाही' लिहिलं. कॉलेजात असताना चौकातलं माझं तंबाखूविरोधी भाषण ऐकून त्याने खिशातली माव्याची पुडी व्यासपीठावर फेकली होती. अजून प्रत्येक रोग्याला तो हे सांगतो.

तेवढ्यात हेतल, सगळ्या वॉर्डादेखत नाही तरी माझ्या कानाशी, म्हणते कशी, "मम्मी, बजर म्हणजे तंबाखूच ना?" मोटाभाई, माझा संताप झाला. हिरड्यांना बजरची भुकटी चोळणं याला आपल्या घरात कधी कुणी व्यसन म्हटलं आहे? बा लावायची, दादीमा लावायची. ते दात घासणं झालं. तंबाखू पुरुष खातात. (हे वाक्य मी पुन्हा वाचलं. दुसरं कुणी सभेत बोललं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.) मी हेतलला खोटारडी म्हटलं. ती माझी पाठ पुसत राहिली, त्याचा तर आणखीच राग आला.

तुमची धाकटी बहीण,
इच्छा

ता. क. बजरची डबी सकाळी कचऱ्यात टाकली. हे सगळं पत्र त्यानंतर लिहिलं आहे, तेव्हा जयाफोईंबद्दलचं निम्मं सोडून द्या.

आणखी ता. क. फोनवर बोलले तर अख्खा वॉर्ड ऐकेल, म्हणून हेतलच्या भावाच्या हाती पत्र पाठवते. उमंगचा नंबर मागे लिहिला आहे. त्याला आजच सांगा: बजर, दिवसातून पाच वेळा, चाळीस वर्षं. ऑपरेशन पुढे ढकलायचं का ते तो ठरवेल. मी तीनदा तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा तो नर्सला म्हणाला, "या बेनमुळे मी सुटलो." माझ्याने होत नाही. हसायचं असेल तर फोन ठेवल्यावर हसा.