तंतोतंत जुळणारी दारं

३ ऑगस्ट, सोमवार
आज अकरा तक्रारी, अकराही एकाच चालीच्या – ऑनलाइन लिलावात वस्तू जिंकली, घरी आलीच नाही! विकणारा म्हणतो पाठवली, पार्सलवाला म्हणतो पोचवली, घेणारा म्हणतो कुठाय? आणि मधे मी. चहासुद्धा धड घेता आला नाही.

साहेब नव्या लोकांना सांगत होते, "फोटो कसा तपासायचा ते ह्यांच्याकडून शिका." पार्सलवाला दारात खोका ठेवून फोटो काढतो. तो मी त्याच गिऱ्हाइकाच्या आधीच्या पार्सलच्या फोटोशेजारी लावून बघते. दार तेच, तर पार्सल पोचलं. युक्ती माझीच! चार वर्षं झाली, आता अख्खा तक्रार विभाग तसंच करतो. पाठीमागे मला 'दारबाई' म्हणतात. म्हणोत. खरं सांगायचं तर बरं वाटतं.

४ ऑगस्ट
एक घड्याळजी. लिलावात खिशातलं जुनं बंद घड्याळ घेतलं, ते आलंच नाही म्हणतो. फोनवर म्हणाला, "मला त्यातलं एकच चाक हवं होतं हो." आवाज गरीब. पण गरीब आवाज मी रोज ऐकते!

त्याच्या पार्सलांचे फोटो उघडले – एक जूनमधला, एक परवाचा. काचेचं दार, पायरी, खोका. खोके तर आमचे सगळे सारखेच. पण दाराची कडीसुद्धा तशीच अर्धी वळलेली! इतकं जुळलेलं क्वचितच बघायला मिळतं. 'तंतोतंत' असा शेरा मारला. तक्रार खोटी. नियमाप्रमाणे खातं कायमचं बंद.

५ ऑगस्ट
घड्याळजीचे चार फोन. उचलले नाहीत.

६ ऑगस्ट
आज स्वारी थेट ऑफिसातच! साठीचा माणूस, शर्टाच्या खिशात भिंग. साहेबांनी तो माझ्या गळ्यात घातला आणि मीटिंगला पळाले.

आरडाओरडा नाही की काही नाही. म्हणाला, "बाई, खातं गेलं तर दुकानाला कुलूप लावायचं मी. जुन्या घड्याळांचे भाग ह्या लिलावांशिवाय मिळतात कुठं आता? आणि चाळीस वर्षं लोक माझ्याकडे घड्याळं विश्वासानं ठेवून जातात. त्यांना काय सांगू, मला खोटारडा ठरवलंय म्हणून?"

मी म्हटलं, फोटो आहे आमच्याकडे.

"मग दाखवा की."

गिऱ्हाइकाला फोटो दाखवायचा नसतो. का नसतो, ते आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दाखवला. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि स्क्रीनवर वाकला. मला हसूच आलं.

"किती वाजता पोचवलं म्हणता?"

"दुपारी चार चाळीस."

"काचेतून आत बघा. भिंतीवर."

भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजून वीस मिनिटं.

"बंद असेल," मी म्हटलं.

तेवढ्यावर मात्र तो चिडला. "घड्याळजीच्या दुकानात? दारासमोरचं?"

मी जूनचा फोटो शेजारी लावला. त्यातही दहा वीस! नुसतं दार तेच नव्हतं – फोटोच तोच होता. पार्सलवाल्याने जुना फोटो पुन्हा चिकटवून दिला होता. आणि मी तो त्याच्याशीच ताडून बघितला, वर जुळला म्हणून खूश झाले!

चूक माझी, असं त्याला तोंडावर सांगितलं. फार लाज वाटली. "असू दे" वगैरे तो म्हणाला नाही. भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाला, "तेवढं लेखी द्या." दिलं.

७ ऑगस्ट
खोका पार्सलवाल्यांच्या गोदामात निघाला. घड्याळजीचं खातं पुन्हा सुरू केलं.

साहेब म्हणाले, "झालं गेलं. आता विषय वाढवू नका." घरी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "चार वर्षांत एक चूक? मी तर रोज चार करतो, कुणी बघत नाही!" मीही हसले. पण ते 'एक' काही डोक्यातून जाईना. एकच कशावरून?

१० ऑगस्ट, सोमवार
साहेबांना न विचारता जुने निकाल उघडले – माझाच 'तंतोतंत' शेरा असलेले. चाळीस बघून झाले. सव्वीस ठिकाणी फोटो तोच.

त्यातल्या पहिल्या बाईंना फोन लावला. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना खोटं ठरवलं होतं. कंपनीचं नाव सांगितलं, त्यांच्या जुन्या तक्रारीचा नंबर वाचून दाखवला.

त्याच म्हणाल्या, "सापडलं का हो?"