अकरा वेळा इतवारी

ब्रह्मपुरी,
२ डिसेंबर २००८

प्रिय राजदीप,

मेल न करता कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. गडचिरोलीत तुझा मेल उघडला की कॅफेतली चार डोकी खांद्यावरून वाचतात, आणि हे त्यांनी वाचायचं नाही. अम्मी विचारत होती, तो बारीक पोरगा आजकाल घरी काऊन येत नाई. मी सांगितलं, तो आता संपादक झालाय. खरं म्हणजे आठ दिवस मीच घरी पडून आहे. ताप नाही, खोकला नाही, नुसता थकवा. नागपूरला परतायची बॅग भरते नि पुन्हा रिकामी करते.

माझ्या अभ्यासाचं तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या बातम्यांच्या साइट आदिवासींबद्दल काय लिहितात आणि त्या बातम्यांत बोलतं कोण, हे मोजायचं. चार वर्षांच्या दोनशे बारा बातम्या छापून घेतल्या. बोलणारा साहेब असेल तर निळी खूण, पुढारी असेल तर हिरवी, आणि आदिवासी माणूस स्वतःच्या नावाने बोलला असेल तर लाल. बाप्पा, लाल पेन होतं तसंच राहिलं. वीज पडली तरी साहेब बोलतात, साप चावला तरी साहेब बोलतात, आणि ज्याला चावला तो नुसता ‘एक आदिवासी इसम’. सगळ्या मिळून लाल खुणा निघाल्या चौदा. त्यातल्या अकरा आपल्या साइटवरच्या.

खूश होऊ नकोस. त्या अकराही खुणा एकाच बाईच्या आहेत. इतवारी, कुरंडटोला, तालुका धानोरा. रेशनचा तांदूळ, बंद हातपंप, न येणारे गुरुजी, तेंदूपानाचा भाव, सगळ्यावर इतवारीच बोलते. आणि काय छान बोलते रे.

माझ्या मार्गदर्शक मॅडम तर हरखूनच गेल्या. एक तरी साइट अशी निघाली म्हणाल्या, या बाईची मुलाखत घेऊन ये, तिच्यापासूनच प्रबंधाचं प्रकरण सुरू करू. मी मान हलवली. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

विसरला असशील तर आठवण देते. २००४ चा ऑगस्ट. साइटला महिना झाला नव्हता, वर ‘आधी फॉन्ट उतरवून घ्या’ अशी पाटी होती. पुलावर पाणी, जीप बंद, आणि तुझी कुरंडटोल्याच्या हातपंपाची बातमी गावातल्या माणसाच्या दोन ओळींसाठी अडलेली. पाणी उतरू दे, जाऊन येतो, असं तू म्हणत होतास. मीच म्हटलं, इतवारी लिही. रविवारी जन्मलेली एक इतवारी प्रत्येक गावात असते, शोधायला कोण जातंय. त्या दोन ओळीही मीच टाइप केल्या. मी नागपूरला गेल्यावर पुढच्या दहा वेळा ते नाव तू वापरलंस. पण पहिली वेळ माझी.

तर मी कुरंडटोल्याला गेले. खोटं कशाला बोलू, मुलाखत घ्यायला गेलेच नव्हते. अशी कुणी इथे नाही, असं गावाकडून ऐकायचं आणि मॅडमना सांगायचं की बाई गाव सोडून गेली. एवढंच ठरवलं होतं. धानोऱ्याहून जीप, पुढे सहा किलोमीटर पायी. गाव बैठकीला जमतं त्या गोटुलापाशी गावातले वडीलधारे भैयाजी बसले होते, त्यांना नाव सांगितलं. त्यांनी हातानेच घर दाखवलं आणि तोंड फिरवलं.

प्रत्येक गावात असते म्हणाले होते ना मी, तशी तिथेही होती. एकच होती. पन्नाशीची बाई, अंगणात धान पाखडत बसलेली. आपली साइट त्या गावात कोण वाचणार, असं आपण हसून म्हणायचो. कागदावर छापून तिच्यापर्यंत आणणारे होते. कधी पोलीस ठाण्यातून माणूस यायचा, कधी जंगलातून. दोघांचा प्रश्न एकच, हे कोणाला सांगितलंस आणि काऊन सांगितलंस. ती नाही म्हणाली की कागदावरच्या नावावर बोट ठेवायचे. मुलगा आधी अबोला धरून होता, मग बायकोला घेऊन सासुरवाडीला निघून गेला. गावातल्या बायका तिच्यासमोर बोलणं टाळायला लागल्या. चार वर्षं, राजदीप. हे सगळं तिने सूप खाली न ठेवता सांगितलं.

मग म्हणाली, “मी काय म्हनली होती, ते मले वाचून दाखव.”

पिशवीत अकराही कागद होते. एकेक करून वाचले. हातपंप तेव्हा बंदच होता, हे तिने मान्य केलं. तेंदूपानाचा भाव आपण चुकीचा लिहिला होता. शेवटचा कागद संपला तेव्हा सूप थांबलं.

“बाई, मी तं अजून काईच नाई बोलली.”

मी सांगून टाकलं. पहिल्या ओळी माझ्या, बाकीच्या माझ्या मित्राच्या. मला रडू आलं, तिला नाही आलं. ती उठली आणि तडक भैयाजींकडे गेली.

साइटवर खुलासा टाकू, असं मी सुचवलं होतं. तिने साफ नकार दिला. पुन्हा तिचं नाव छापायचं नाही, आणि तो खुलासा तिच्या गावात वाचणार कोण? तिला हवंय ते वेगळंच. येत्या सोमवारी दुपारी गोटुलात गाव बसणार आहे. ज्यांनी तिच्या तोंडी शब्द घातले त्यांनी गावासमोर उभं राहून तसं म्हणायचं. मॅडमना मी कालच फोन करून सगळं सांगितलं, प्रकरणात अकराच्या जागी आता शून्य जाईल. साइटचं नाव खराब होईल, तुझी मेहनत मला ठाऊक आहे, पण माझा इलाज नाही. हे पत्र सोमवारसाठी लिहिलं. दहाच्या सुमारास मी गडचिरोलीच्या स्टँडवर धानोऱ्याच्या जीपपाशी उभी असेन. मला एकटीला भीती वाटते. तू आलास तर जीव भांड्यात पडेल. नाही आलास तर रागावणार नाही, पण गोटुलात नावं मी दोन सांगेन.

त्या पहिल्या दोन ओळी टाइप करणारी,
तुझीच
आफ्रीन