जिंकणाऱ्याचं इंजिन

अ‍ॅक्रन, ओहायो
३ मार्च १९७४

चि. नेल्डास,
थर्मनदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र विल्माने मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझा घास हातातच राहिला. तुला म्हणे रेसमध्ये गाडी चालवायचीय, आणि सुरुवात कशी करायची ते मी सांगायचं! मी, जो इथे कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे टायर बनवतो. विल्मा म्हणाली, जळू नकोस, सख्खी बहीण आहे. जळतोच आहे, बायकोपासून काय लपवायचं!

तरी ऐक. नवी गाडी घ्यायची नाही. भंगारातली एखादी दणकट गाडी बघ. काचा, सीटा, सगळं काढून टाक, दारं वेल्डिंग करून कायमची बंद कर आणि आत पाइपांचा पिंजरा बसव. पिंजरा मात्र स्वतः जोडू नकोस, ओरेनकाकांकडून करून घे. गाडी उलटली की तुझं डोकं त्याच्याच भरवशावर आहे. मग बेकर्स हॉलोच्या मातीच्या ट्रॅकवर सगळ्यात खालच्या वर्गात नाव दे. त्याआधी काही शनिवार कुणाच्या तरी पिटमध्ये, ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करतात तिथे, हमाली कर. फुकट शिकवणारी तेवढी एकच शाळा आहे. आणि वळणावर ब्रेक दाबायचा नसतो. वळणाआधीच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडायचा, गाडीचं मागचं अंग घसरू द्यायचं आणि पुन्हा पाय रोवायचा.

कोठारात ताडपत्रीखाली इंजिन आहे, त्याला हात लावायचा नाही. डॅडींनी ते माझ्यासाठी बांधलं होतं. ते गेले, माझं लग्न झालं, मी इकडे आलो, पण इंजिन माझंच आहे.

ममाला नमस्कार. लोभ आहेच, आज जरा कमी आहे.
तुझा,
थर्मन

मिलर्स फोर्क, नॉर्थ कॅरोलायना
२० मे १९७४

प्रिय थर्मनदादास,
सा. न. वि. वि.

तुझा कमी झालेला लोभ पोचला. तू सांगितलंस तसंच सगळं केलं. आमच्या मोज्यांच्या गिरणीतल्या पोरी म्हणतात की दारं बंदच करायची होती तर लग्नच करायचंस. हमाली डब हॅस्केटकडे केली. दर शनिवारी त्याचे टायर उचलले आणि बदल्यात तळलेल्या बोलोनी सॉसेजचं एक सँडविच मिळालं. पण त्याची गाडी वळणात कशी जाते ते डोळे भरून पाहिलं.

नवख्यांना सगळ्यात मागे उभं करतात आणि गाडीच्या मागे पिवळा पट्टा लावतात, इतरांनी सांभाळून घ्यावं म्हणून. लोक उलट त्या पट्ट्यावर नेम धरून धडका देतात. रेसआधी पास्टर सगळ्यांसाठी प्रार्थना करतात, माझ्याकडे बघून त्यांनी ती लांबवली. मी शेवटून दुसरी आले. शेवटच्या गाडीचं चाक निखळलं होतं.

आता वाईट बातमी. भंगारातलं इंजिन तिसऱ्याच रेसला फुटलं. मी रडत घरी आले तेव्हा ममा कोठारात गेली आणि तिने स्वतः ताडपत्री ओढली. म्हणाली, तुझ्या बापाने इंजिन बांधलं होतं, फुलं वाहायला थडगं नव्हे. ते आता माझ्या गाडीत आहे. काय आवाज आहे रे त्याचा! हवं तेवढं रागाव.

लोभ घटू देऊ नकोस, आधीच थोडा उरलाय.
तुझी,
नेल्डा

अ‍ॅक्रन
१ जून १९७४

चि. नेल्डास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी दिले असं समज.

अंगाचा तिळपापड झालाय. इंजिन बांधलं माझ्यासाठी, आणि आयत्या बिळावर नागोबा तू! बरं, ट्रॅकच्या फाटकावरची पाटी तरी वाचलीस का? तुमच्या वर्गात मागणीचा नियम आहे. कुणी महागडी इंजिनं आणू नयेत म्हणून केलेला. त्या रेसमध्ये पळालेला कुणीही ठरलेली रक्कम पाकिटात घालून पंचाच्या हाती दिली की जिंकणाऱ्याचं इंजिन तिथल्या तिथे त्याचं. नाही म्हणालीस तर जिंकणं रद्द आणि हंगामभर बंदी. डॅडींचं इंजिन कुणी त्या वर्गात घालतं का? ज्याचे टायर तू उचललेस, त्या डबच्या गॅरेजमध्ये लोकांची अशी आणलेली इंजिनं रांगेने उभी आहेत.

तेव्हा जिंकू नकोस. हे मी इंजिनासाठी सांगतोय की माझ्या पोटात दुखतंय म्हणून, असं विल्माने तोंडावर विचारलं. मी उठून अंगणात गेलो.

लोभाचं पुढे बघू.
थर्मन

मिलर्स फोर्क
१४ जुलै १९७४

प्रिय थर्मनदादास,
सा. न. वि. वि.

काल मी पुढे होते. पहिली! पिवळा पट्टा कधीच निघालाय. शेवटची फेरी, शेवटचं वळण, मागे फक्त डब. नुसता पाय रोवून ठेवला असता तरी जिंकले असते. पण तुझं पत्र आठवलं आणि मी पाय उचलला. डब शेजारून निघून गेला. अख्खा स्टँड अरेरे म्हणून ओरडला.

चर्चहून आल्यावर जेवताना ममा फक्त एकदा बोलली, घेवडा इकडे सरकव म्हणून. तुझं इंजिन सुखरूप आहे. आता तरी खूश हो.

तुझ्या लोभापायी हरलेली,
नेल्डा

अ‍ॅक्रन
२२ जुलै १९७४

चि. नेल्डास,
अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला मनापासून.

खोटं लिहीत नाही, तुझं पत्र आल्यावर पहिला तासभर मला आनंद झाला. इतका की मी पीचच्या पायचा दुसरा तुकडा मागून घेतला. विल्माने तो दिला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला गिळवेना.

पुढे असताना पाय उचल, असं मी तुला शिकवलं नव्हतं. पण मी स्वतः तेच केलं. डॅडी इंजिन तयार करून बसले होते आणि मी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. खरचटेल, फुटेल, कुणी नेईल म्हणून ते झाकून ठेवलं. मग इकडे येऊन त्यावर हक्क सांगत बसलो. तुझा मला हेवा वाटतो नेल्डा, फार वाटतो. कारखान्यात तुझं नाव काढलं की पोटात आग पडते. पण ती पुढे पळणाऱ्या नेल्डाची. हरून माझ्यावर उपकार करणाऱ्या बहिणीचा हेवा तरी कसा करू?

इंजिन तुझं. जिंक. कुणी नेलं तर नेऊ दे.

लोभ पूर्ववत.
तुझा,
थर्मन

मिलर्स फोर्क
९ सप्टेंबर १९७४

प्रिय थर्मनदादास,
सा. न. वि. वि.

जिंकले. ममाच्या पत्रातून तुला कळलं असेलच. माझं हेल्मेट निघण्याआधी डबचं पाकीट पंचाच्या हातात होतं. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, पोरी, मनात काही धरू नकोस, असं इंजिन सोडलं तर लोक मला वेडा म्हणतील. साखळी लावून ते वर उचललं तेव्हा ममा हाताची घडी घालून उभी होती. कुठे घासू देऊ नका, एवढंच तिने बजावलं. मी रडले नाही. ट्रॉफी फ्रिजवर ठेवली, आणि गिरणीतल्या पोरी ती बघायला येतात. मला वाटलं, संपलं.

परवा भंगारातलं दुसरं एक इंजिन घालून पुन्हा उतरले. मधेच कुठेतरी होते. मागून एक गाडी आली आणि ती दिसण्याआधी मला कळलं. डॅडींचा आवाज होता तो, दादा. आपल्या कोठारातला. तो माझ्या शेजारून गेला, दुसऱ्याच्या पायाखाली, आणि माझ्या अंगाची अशी आग झाली की वळण चुकलं आणि मी भिंतीला जाऊन आदळले. लागलं नाही. पण डबला ओढून बाहेर काढावं असं वाटलं, ज्या माणसाने मला शिकवलं त्याला! ममा धावत आली, काय झालं विचारलं, मी काही नाही म्हटलं.

तू सबंध उन्हाळा अ‍ॅक्रनला बसून माझ्या पत्रांतून हाच आवाज ऐकत होतास ना? आणि मी तुला जळकुटा म्हणून हसत होते. मला माफ कर.

लोभ ठेव. हेवा आता दोघं मिळून करू.
तुझी,
नेल्डा